पोस्टरवरचं मूल

कँडिस व्हिटकॉम मफिन घेऊन येते तेव्हा ती काहीतरी न्यायला आलेली असते. ही बाई घरं विकते. आमच्या गावात कोणाचं घर विकायला निघालं की हिचा दात दाखवणारा फोटो असलेली पाटी त्या घरापुढच्या बर्फात रोवलेली दिसते. त्याच्या आठवडाभर आधी त्या घरी मफिन गेलेले असतात.

आमचं घर तिला नको होतं. तिला माझी नात हवी होती.

ब्रिन तेव्हा अकरा वर्षांची. त्या हिवाळ्यात तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. आमच्या गावच्या दवाखान्यात बोटाला टाके घालून मिळतात, बाकी काही नाही. मुलांचा कॅन्सर बघणारं इस्पितळ गाठायचं तर विमानाने सरोवर ओलांडून पार दक्षिणेला जावं लागतं. माझी मुलगी ॲनेली औषधांच्या दुकानात कामाला आणि जावई उत्तरेच्या खाणीवर. तो अर्धा महिना तिकडेच असतो. त्यामुळे ब्रिनला घेऊन कधी ॲनेली जायची, कधी मी. इलाज सरकार करतं. विमान, राहायची खोली, बाहेरचं खाणं, बुडालेला पगार हे कोणी करत नाही. ते सायकलवाले करतात.

सायकलवाले म्हणजे गावातलेच लोक. दर मे महिन्यात, बर्फावरची हॉकी खेळतात त्या हॉलमधला बर्फ काढून टाकला की तिथे जागच्या जागी फिरणाऱ्या सायकली मांडतात. एकेका टोळीला एक सायकल. टोळीतले आळीपाळीने बसून दिवसभर पेडल मारतात, त्यांचे नातेवाईक, गिऱ्हाइकं, शेजारी पैसे देतात, आणि ते पैसे ज्यांच्या पोरांना कॅन्सर झालाय त्या घरांना जातात. आम्हालाही मिळत होते. हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकून कोणी म्हणेल की इर्मा हाकालाला उपकाराची जाण नाही. गावात पुष्कळांनी म्हटलंच.

तर कँडिस आली तेव्हा ब्रिन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कोरडी बिस्किटं कुरतडत बसली होती.

"माझी गोडुली ती," कँडिस म्हणाली. कुत्र्याच्या पिल्लाशी बोलतात तो आवाज. "तुझ्यासाठी एक मस्त बातमी आणलीय. यंदाची आमची वीर तू आहेस."

"कशाची वीर?"

"सायकल दिवसाची गं. पोस्टरवर तुझा फोटो लागणार. मग त्या दिवशी मंचावर यायचं, भोंगा वाजवायचा, की सगळ्या सायकली सुरू."

"गेल्या वर्षी तेओ होता," ब्रिन म्हणाली. "त्यालाच घ्या. त्याला आवडतं असलं."

"तेओला यंदा आराम हवाय." कँडिसने मफिनच्या डब्याचं झाकण उघडलं. केळ्याचा आणि गरम लोण्याचा वास पसरला. ब्रिन खुर्ची सरकवून उठली आणि न्हाणीघरात गेली. ओकारीचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. कँडिसने झाकण परत लावलं, पण चेहऱ्यावरचं हसू काढलं नाही.

"बिचारी," ती हळू आवाजात म्हणाली. "पण इर्मा, खरं सांगू? फोटोत फार छान येईल ती. डोळे बघा ना तिचे. काही मुलं औषधांनी अशी सुजतात की बघवत नाही. ब्रिनचं तसं नाही झालं."

मी बशा पुसत होते. "आणि झालं असतं तर?"

"म्हणजे?"

"काही नाही."

"आणि तुम्हीही हव्या आहात मला," ती म्हणाली. "डुएन पेल्की मंचावर टक्कल करून घेणार आहे. गाड्यांचा शोरूमवाला डुएन. त्याचे केस तुम्ही उतरवायचे. आजीनेच मशीन चालवलं तर लोक खिसे रिकामे करतील."

माझं तळघरात सलून होतं. तीसेक वर्षं मी या गावाचे केस कापले. दुकान बंद केलं, पण खुर्ची आणि आरसा अजून तिथेच आहे. जानेवारीत ब्रिनचे केस उशीवर गळायला लागले तेव्हा तीच म्हणाली, मुम्मू, काढून टाक सगळे. आमच्याकडे आजीला मुम्मू म्हणतात. त्या खुर्चीत बसवून मी काढले. ती आरशात बघत होती आणि मी तिच्या मानेकडे. आरशात बघायची माझी हिंमत नव्हती.

"यंदा एक डोकं भादरलंय मी," मी कँडिसला म्हणाले. "तेवढं पुरे."

ॲनेली संध्याकाळी घरी आली आणि हो म्हणून मोकळी झाली. मी भुवया चढवल्या तर म्हणाली, "आई, नाही कसं म्हणू? जूनमधलं विमान त्यांच्याच पैशांवर आहे." ब्रिनने एकच अट घातली. टोपी काढणार नाही. फोटोतही नाही आणि मंचावरही नाही. फोनवर कँडिसने ॲनेलीला शब्द दिला. टोपी तर टोपी, म्हणाली, निळा रंग किती खुलतो तिला.

पोस्टरं लागली. किराणा दुकानाच्या काचेवर लागलेलं पोस्टर मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्याच्यासमोर मिरेय लालोंद ढकलगाडी धरून उभी होती. मिरेय म्हणजे तेओची आई. महामार्गावरच्या मोटेलमध्ये खोल्या साफ करते. तेओ सात वर्षांचा, गेल्या वर्षीचा पोस्टरवरचा मुलगा. पुढचे दोन दात पडलेला त्याचा फोटो वर्षभर गावभर होता.

"छान आलाय ब्रिनचा फोटो," मिरेय म्हणाली.

"तेओ कसा आहे?"

"परत आलंय त्याचं. मार्चमध्ये कळलं. या वेळी हाडात आहे."

हातात बटाट्यांची पिशवी होती, ती मी उगीच तिच्याच गाडीत ठेवली.

"कँडिस म्हणाली त्याला आराम हवाय."

"आराम," मिरेय म्हणाली. "तो रोज विचारतो, सायकली कधी. गेल्या वर्षी याच बाईने त्याला कडेवर घेऊन माइकवर सांगितलं होतं, पुढच्या वर्षीही भोंगा तुझाच. पोर ते धरून बसलं. मी फोन केला तिला. म्हणते, या की, जरूर या, पण मागच्या बाकांवर बसा, पुढे गर्दीत जंतू असतात."

"मग?"

"मग काय, इर्मा. मागच्या बाकांवरचे जंतू बहुतेक ओळखीचे असतील." ती हसली, पण हसू तोंडातच राहिलं. मग तिने माझे बटाटे मला परत दिले.

मी तशीच कँडिसच्या ऑफिसात गेले. तिने मला कॉफी दिली, दार लावलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढून बसली.

"इर्मा, तुम्हाला वाटत असेल मी दगडाची आहे. त्या पोरासाठी मी रडलेय. पण विचार करा. लोक दिवसभर घाम गाळतात. घरी जाताना त्यांना वाटलं पाहिजे की आपण जिंकतोय. आणि मंचावर कोण, तर गेल्या वर्षीचाच मुलगा, आणखी आजारी होऊन? लोक म्हणतील, मग आम्ही गेल्या वर्षी पेडल मारले ते कशाला?"

"तो कोणाला जाब विचारायला येत नाहीये. त्याला भोंगा वाजवायचाय."

"आणि तिथे त्याला काही झालं तर? लहान मुलं असतात समोर."

"तो कोण आहे मग?"

तिने माझ्या हातावर हात ठेवला. नखं ताजी रंगवलेली होती. "पैसे तर आपण त्यांना देतोच आहोत. उलट यंदा जास्त देतोय. लालोंद कुटुंबाला काही कमी पडू देणार नाही मी."

ती खोटं बोलत नव्हती, हेच मला सहन होईना. सलूनमध्ये डोकं धुवायच्या बेसिनची जाळी तुंबायची. मग बोट घालून आतला केसांचा ओला, बुळबुळीत गोळा ओढून काढावा लागायचा. तिचा हात मला तसा लागला. मी हात काढून घेतला आणि कॉफी न पिता उठले.

घरी येऊन ॲनेलीला सांगितलं. ती भांडी घासत होती. तिने मागे वळून बघितलंही नाही. "मला माहितेय," ती म्हणाली. "मिरेयने सांगितलं मला. आई, आत्ता नको. जून होऊ दे."

तो दिवस उजाडला. हॉकीच्या हॉलमध्ये शिरताच वास आला तो जुन्या घामाचा, रबराचा आणि तळलेल्या सॉसेजचा. वर बर्फाच्या दिवसांतला कुबट गारठा अजून भिंतींत होताच. लांबच लांब रांगांमध्ये सायकली. त्यांच्यावर सुपरहिरोसारखे गळ्याशी झगे बांधलेले दंतवैद्य, मधमाश्या झालेल्या शिक्षिका, स्वतःच्या दुकानाचं नाव छातीवर छापलेले सगळेच. जिथे नजर टाकावी तिथे कोणी ना कोणी स्वतःचाच फोटो काढत होतं. छतापासून ब्रिनचा चेहरा टांगला होता, गॅरेजच्या दाराएवढा, आणि त्याच्या खाली डुएनच्या शोरूमची नवीकोरी पिकअप गाडी उभी केली होती, फीत लावून.

बँकेची टोळी अगदी दाराशीच होती. त्यांनी डोक्यांवर रबरी टोप्या चढवल्या होत्या, नाटकात टक्कल दाखवायला घालतात तसल्या. कानांपाशी त्यांचे खरे केस बाहेर डोकावत होते. एकाने भुवयांवरही काहीतरी पांढरं फासलं होतं. आम्हाला बघून त्यांनी एकदम हात वर केले आणि ब्रिनच्या नावाचा पुकारा केला.

ब्रिन माझ्या बाहीला धरून चालत होती. "मुम्मू," ती म्हणाली, "ते लोक मी झालेत का?"

मी तिला जवळ घेतलं. "पुढे चल," म्हणाले.

मंचावर डुएनचं टक्कल चाललं होतं. मशीन चालवायला त्यांनी दुसरी कोणी मुलगी आणली होती. ती उलट्या दिशेने मशीन फिरवत होती आणि डुएनच्या टाळूवर पट्टे उमटत होते. प्रत्येक पट्ट्याला लोक ओरडत होते. डुएनने खाली पडलेला केसांचा पुंजका उचलून गर्दीत फेकला. हसण्याची लाट आली. ब्रिनचे गळलेले केस ॲनेलीने एका पाकिटात ठेवलेत. कुठे ठेवलेत ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

मग त्यांनी ब्रिनला वर बोलावलं. ॲनेली तिच्यासोबत पायऱ्यांपर्यंत गेली. वर कँडिसने तिला जवळ ओढलं आणि माइक तोंडाशी धरून सांगायला लागली, ही मुलगी कशी कधी रडत नाही, कशी डॉक्टरांना हसवते. यातलं काहीच खरं नव्हतं. ब्रिन पुष्कळ रडते, आणि डॉक्टरांशी एक शब्द बोलत नाही. फोटो काढणारा गुडघ्यावर बसला होता.

"दाखव सगळ्यांना," कँडिस म्हणाली, "शूर मुलगी कशी दिसते." आणि ब्रिनच्या डोक्यावरची टोपी तिने उचलली.

सगळ्या हॉलमधून एक आवाज आला. लहान बाळ बघून लोक काढतात ना, तसला लाडाचा, लांबवलेला. मग टाळ्या. पांढऱ्या दिव्याखाली पोरीचं डोकं उघडं. कानामागची निळी शीर मला खालून दिसत होती. ब्रिन रडली नाही की हललीही नाही. तिने फक्त दोन्ही हातांचे तळवे डोक्यावर ठेवले, जेवढं झाकेल तेवढं झाकायला. फोटो काढणारा आणखी पुढे सरकला.

मी मंचावर कशी चढले ते मला आठवत नाही. माझे गुडघे पायऱ्यांना कुरकुरतात, पण त्या वेळी कुरकुरले नसावेत. मी कँडिसच्या हातातून टोपी घेतली आणि ब्रिनच्या डोक्यावर चढवली, कानांवरून नीट खाली ओढली. माइक चालूच होता, त्यामुळे मी काय बोलले ते सगळ्यांनी ऐकलं. मी म्हणाले, "तिला शब्द दिला होतास ना गं, भवाने." मग नातीला घेऊन मंचावरून उतरले. कोणी टाळ्या वाजवत होतं ते अर्धवट थांबलं. भोंगा शेवटी डुएननेच वाजवला.

बाहेर गाड्या लावायच्या जागेत हवा चांगली होती. कोपऱ्यात मिरेयची जुनी गाडी उभी होती, इंजिन चालू. मागच्या सीटवर तेओ रजईत गुंडाळलेला. औषधांनी त्याचे गाल इतके सुजले होते की डोळे बारीक झाले होते. काच खाली होती.

"आत नाही आलात?" मी विचारलं.

"नुसतं संगीत ऐकतो म्हणाला," मिरेय म्हणाली.

ब्रिनने दार उघडलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. तेओने रजईचं एक टोक तिच्या मांडीवर टाकलं.

तेवढ्यात ॲनेली आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आई, तुला काय वाटतं, मला नाही राग आला? मी पण होते तिथे. पण तू तिला सगळ्या गावासमोर शिवी दिलीस. उद्या त्यांनी हात वर केले तर ब्रिनला घेऊन मी चालत जाऊ?"

"नाही करणार ते हात वर."

"तुला काय माहीत? कोणाच्या जिवावर बोलतेस तू?" तिचा आवाज फाटला. "तू एकदा भांडतेस आणि मोकळी होतेस. मला रोज त्यांच्यात राहायचंय."

तिचं खरं होतं. आजही आहे.

गाडीतून तेओ आईला म्हणाला, "मामाँ, मला भोंगा नको. मला फक्त सायकलवर बसायचंय."

मिरेयने माझ्याकडे बघितलं, मी ॲनेलीकडे. ॲनेलीने डोळे पुसले आणि गाडीचं दार उघडलं. "ये रे," तिने त्याला रजईसकट उचललं. "वजन कुठे गेलं तुझं?"

"इस्पितळवाल्यांनी ठेवून घेतलं," तेओ म्हणाला.

आम्ही बाजूच्या दाराने आत शिरलो. तिथे बर्फ सपाट करायचं भलंमोठं यंत्र उभं असतं, त्याच्या मागे शेवटची सायकल होती. तिच्यावर निळा झगा घातलेला एक तरुण बसला होता. दंतवैद्यांच्या टोळीतला. एका हातात फोन, पाय जेमतेम फिरत होते.

"याला जरा बसू दे," मी म्हणाले.

"आमची पाळी चालू आहे, काकू. ही सायकल आमच्या टोळीच्या नावावर आहे. थांबली तर आकडा तुटतो. कमिटीला विचारून या ना."

त्याच्याकडे नीट बघितलं तेव्हा ओळखलं. याचं जावळ मीच काढलं होतं. तेव्हा तो मला चावला होता.

"उतर, नोलन," मी म्हणाले.

तो उतरला.

तेओचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. ॲनेलीने त्याला मागून कंबरेला धरलं. मिरेय खाली सिमेंटवर गुडघे टेकून बसली आणि हाताने पेडल फिरवायला लागली. चाक फिरलं. तेओने दांडा घट्ट धरला, मान खाली घातली, शर्यतीतले लोक घालतात तशी.

"आणखी जोरात," तो म्हणाला.

मिरेयने दोन्ही हात लावले. तिच्या कपाळावरून घाम गळत होता. मोटेलच्या कामाचा निळा डगला तिच्या अंगावर होता, कारण दुपारी तिला कामावर जायचं होतं. ब्रिन चाकाजवळ वाकून बघत होती. "तू पुढे गेलायस," ती तेओला म्हणाली. "मधमाश्या मागे पडल्या."

आणि मग कँडिस आलीच. सोबत फोटोवाला. मंचावरचा प्रकार जणू झालाच नव्हता. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "इर्मा," ती म्हणाली, "हे किती सुंदर आहे. हे लोकांना दिसू द्या."

मी कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. माझी पाठ रुंद आहे. फोटोवाला डावीकडे सरकला की मी डावीकडे सरकायची.

"त्याला मागे ठेवायचं होतं ना तुला," मी म्हणाले. "तो मागेच आहे. तू जा पुढे."

ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात तेओ ओकला. दांड्यावर, सीटवर, ॲनेलीच्या बाहीवर. पोटात फारसं नव्हतंच, पिवळं पाणी नुसतं. पण जवळच्या रांगेतल्या सायकली थांबल्या. एका बाईने आपल्या पोराचं तोंड स्वतःच्या पोटाशी वळवलं. टक्कल चढवलेल्या एकाने नाक दाबलं. दिवसभर या आजारासाठी पाय फिरवायला आली होती ही माणसं, आणि आजार एवढासा समोर आला तर त्यांना किळस आली. कँडिस दोन पावलं मागे सरली होती. संगीत कोणीतरी मोठं केलं.

"झगा दे," मी नोलनला म्हणाले.

त्याने गळ्याची गाठ सोडून झगा दिला. मी त्याने तेओचं तोंड पुसलं, मग सीट पुसली. नोलन जाऊन पाण्याची बाटली घेऊन आला आणि ती मिरेयच्या हातात देऊन यंत्राकडे तोंड करून उभा राहिला.

"पुरे?" मिरेयने तेओला विचारलं.

"पुरे," तो म्हणाला. "मी जिंकलो का?"

"केव्हाच," ब्रिन म्हणाली.

त्या वर्षी आजवर झाले नव्हते इतके पैसे जमले. सायकलवाल्यांच्या इंटरनेटवरच्या पानावर दुसऱ्याच दिवशी ब्रिनचा उघड्या डोक्याचा फोटो होता. डोक्यावरचे तिचे हात लोकांना वंदन केल्यासारखे वाटले. तसंच खाली लिहिलंही होतं. ॲनेलीने फोन करून तो काढायला लावला. काढला त्यांनी, पण तोवर अर्ध्या प्रांताने बघून झाला होता. पोस्टाच्या रांगेत, चर्चच्या तळघरातल्या कॉफीला लोक माझ्याशी बोलताना मध्येच गप्प व्हायचे. एकीने तोंडावर सांगितलं, "इर्मा, त्या बाईने तुमच्यासाठी किती केलं." ॲनेली आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलली.

आणि जूनचं विमान ठरल्याप्रमाणे मिळालं. हात कोणी वर केले नाहीत. सोबत कँडिसचं कार्ड होतं, सहीच्या शेजारी बदाम काढलेला. तिने पैसे अडवले असते तर मला बरं वाटलं असतं. मग तिचा राग करणं सोपं गेलं असतं. 

तेओ सप्टेंबरमध्ये गेला. घरीच गेला, मिरेयच्या कुशीत. चर्चमध्ये शवपेटीच्या बाजूला सायकलवाल्यांनी पाठवलेली फुलं होती. पांढऱ्या फुलांची सायकल, चाकांसकट, माणसाएवढी उंच. पेटी तिच्यापेक्षा लहान होती. मिरेयच्या भावाने ती फुलांची सायकल उचलून बाहेर कचऱ्याच्या पेटीमागे नेऊन ठेवली.

पुढच्या एप्रिलमध्ये मिरेय केस कापायला माझ्या तळघरात आली. तोवर ब्रिनचे केस परत उगवले होते, कुरळे आणि पूर्वीपेक्षा गडद. गोळ्या चालू होत्या, पण ती शाळेत जायला लागली होती. मिरेयचे केस पाठीपर्यंत वाढले होते. मी ते ओले केले आणि विंचरत होते.

"कँडिस आली होती काल," ती म्हणाली. "तेओचा फोटो मागायला. पोस्टरसाठी. त्याच्या आठवणीत करणार आहेत यंदाचं सगळं."

माझा हात थांबला. "गेल्या वर्षी नको होता त्यांना."

"गेल्या वर्षी तो मरत होता. आता मेलाय." ती आरशात माझ्याकडे बघत होती. "बरं होणारं मूल चालतं, इर्मा. मेलेलंही चालतं. ते ओकत नाही."

"काय सांगितलंस तिला?"

"फोटो दिला. ऑगस्टमधला. गाल सुजलेले, नाकात नळी, आणि माझ्यावर चिडलाय, कारण मी त्याला खेळातून उठवलं होतं. ती म्हणाली, यात तो हसत नाहीये. मी म्हटलं, तेव्हा तो हसत नव्हता. म्हणाली, एखादा आनंदी नाही का? दोन वर्षांपूर्वीचा, दात पडलेला? मी म्हटलं, तो तुमच्याकडे होता, तुम्हीच काढून टाकलात. आता हा घ्या, नाहीतर राहू द्या."

"मग?"

"मफिन ठेवून गेली." मिरेयने मान पुढे घातली. "खूप लहान करा. मला या केसांकडे बघायचं नाही रोज."

मी लहान केले. ती उठली, खांद्यावरचे केस झटकले आणि जाताना झाडूने जमीनही स्वतःच झाडून गेली. मी नको म्हणत राहिले, तिने ऐकलं नाही.

यंदाच्या पोस्टरवर मुलाचा फोटो नव्हता. नुसत्या सायकलचं चित्र होतं. गिरणीच्या रस्त्यावर राहणाऱ्या एका चार वर्षांच्या मुलीला नुकताच कॅन्सर निघाला होता, तिच्यासाठी ॲनेली औषधांच्या दुकानाच्या टोळीत बसली. मी तिला अडवलं नाही. सकाळी सँडविच बांधून दिले. ब्रिन घरीच राहिली आणि दिवसभर झोपली.

ॲनेली संध्याकाळी आली, बूट काढले, पाय समोरच्या खुर्चीवर टाकले.

"कसं झालं?" मी विचारलं.

"तसंच. बँकवाले परत तेच टक्कल घालून आले होते." ती पोटऱ्या चोळत होती. "कँडिसने त्या छोटीला मंचावर बोलावलं. तिच्या आईने सोडलं नाही तिला. मांडीवरून उतरूच दिलं नाही."

"तिला कोणी सांगितलं, की नाही म्हणता येतं?"

"मी," ॲनेली म्हणाली. "सूप आहे का काही?"